अप्पांची हेराल्ड : काय बदलावं, काय बदलू नये

जुन्या गाड्यांबद्दल बोलताना 'ओरिजिनल' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गाडी ओरिजिनल आहे म्हणजे नक्की कोणत्या दिवशी होती तशी आहे? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी? आपल्या घरी आली त्या दिवशी? की आपल्या लहानपणी जशी आठवते तशी?

हा प्रश्न आमच्या घरात सध्या चांगलाच तापलाय. नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, पण बाकीच्या ब्लॉगमित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे माधवनगरला १९६५ सालची एक दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७८ मध्ये जुनी घेतली. अप्पा आता नाहीत. पुण्याचा दादा म्हणतो, गाडीतलं सगळं जुन्यासारखं करून घ्या आणि व्हिंटेजचा नंबर काढा. आत्या म्हणते, माझ्या भावाने ठेवली होती तशी ठेवा, एक स्क्रू हलवू नका. आणि दर रविवारी मी बॉनेटखाली डोकं घालून काही ना काही बदलत असतो, म्हणून दोघंही माझ्यावर नाराज. दोघांना एकदाच नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. तिकडे ती ट्रायम्फ हेराल्ड म्हणून १९५९ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. आकार काढला तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. त्या काळात बहुतेक कंपन्या चासी सोडून एकसंध पत्र्याच्या बॉडीकडे वळल्या होत्या. हेराल्डला मात्र वेगळी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने बसवलेली आहे. यामागे अडचण होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीच्या ताब्यात गेली. अखंड बॉडी बनवून देणारं कुणी हाताशी राहिलं नाही, म्हणून सुटे तुकडे वेगवेगळीकडून करून घ्यायचे आणि चासीवर जोडायचे असं ठरलं.

या अडचणीतून दोन गोष्टी निघाल्या, आणि आज साठ वर्षांनी मला दोन्हींचा फायदा होतोय. पहिली म्हणजे ही गाडी घरी उघडायला अतिशय सोपी आहे. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं समोर मांडल्यासारखं दिसतं. पुढच्या टायरवर बसून काम करता येतं! दुसरी गोष्ट अशी की वेगळी चासी असल्यामुळे तिच्यावर दुसरी बॉडी चढवणं सोपं होतं. कंपनीने हीच चासी आखूड केली, मिकेलोत्तीकडूनच दोन माणसांची उघडी बॉडी काढून घेतली आणि १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आणली. आमच्या गाडीचं इंजिन ९४८ सीसीचं, ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. स्पिटफायरचं ११४७ सीसी आणि ६३ अश्वशक्ती. पण पुढची चाकं ज्यावर फिरतात ते भाग, स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा, हे सगळं एकाच घरातलं. म्हणून आमच्या हेराल्डला मी गमतीने अर्धी स्पोर्ट्स कार म्हणतो. :)

आता भारतात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवणाऱ्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावं उरली: हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर, आणि मद्रासची १९४८ ची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स. मद्रासवाल्यांनी १९६१ पासून हेराल्ड बनवली, 'ट्रायम्फ'ऐवजी 'स्टँडर्ड' नावाने. १९६८ मध्ये त्यांनी चार दारांची हेराल्ड काढली, जी इंग्लंडमध्ये कधीच नव्हती. आपल्याकडे गाडी म्हणजे कुटुंबाची. आजीला पुढची सीट वाकवून मागे बसायला कोण सांगणार? त्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅझेल आली. इंजिन तेच ९४८ चं, पण मागची स्वतंत्र झुलणारी चाकं काढून सरळ अखंड अॅक्सल दिला, कारण आपले रस्ते आणि आपली गॅरेजं यांचं त्या सस्पेन्शनशी पटत नव्हतं. १९७७ मध्ये गॅझेलही थांबली. १९८५ मध्ये कंपनीने स्टँडर्ड २००० नावाची मोठी गाडी आणून पाहिली, पण १९८८ पर्यंत तोही खेळ संपला.

म्हणजे बघा, ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनीच ती सतत बदलली. दारं बदलली, अॅक्सल बदलला. इंग्लंडमध्येही तेच चाललं होतं. मग १९६५ च्या एका दिवसाला 'मूळ' म्हणून खिळा ठोकायचा तो कुणी आणि का?

अप्पांनी गाडी घेतली तेव्हा कंपनीने मोटारी बंद करून एक वर्ष झालं होतं. साहजिकच किंमत पडलेली. फियाटवाल्याला कुठल्याही गावात पार्ट मिळायचा, हेराल्डवाल्याला मिळायचा नाही. तरी गाडी चालत राहिली, याचं श्रेय मी आमच्या भागाला देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथपासून हा सगळा पट्टा लोखंडाशी खेळणाऱ्यांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि ओतकाम. सांगलीत १९४७ पासून इंजिनीअरिंग कॉलेज, ज्याला पुढे वालचंदांचं नाव मिळालं. आमचं माधवनगर गिरणीचं आणि मागांचं गाव. माग बंद पडला तर मुंबईहून पार्ट येईपर्यंत कोण थांबणार? कुपवाडला लेथवर कातून आणायचा. हीच सवय गाडीला लागू पडली. अप्पांची एक वही आहे. तिच्यात कोणता बुश कुठे कातला, कोणत्या मोटारसायकलची रबरं कुठे बसली, सगळं तारीखवार लिहिलंय. तेव्हा आत्याला नम्रपणे सांगतो, अप्पांनी ठेवली होती 'तशी' म्हणजे बदलत ठेवली होती.

पण म्हणून वाटेल ते बदलावं का? नाही. आपल्या हाताने करण्यासारखे आणि केल्याचं सार्थक होईल असे बदल मोजकेच आहेत. माझ्या मते ते असे.

पहिला नंबर ब्रेकचा. हेराल्डला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकऑइलची एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगळ्या लाइन सक्तीच्या झाल्या, त्या उगीच नाही. पुढच्या बाजूला स्पिटफायरचे डिस्क बसतात, कारण स्पिटफायरला ते १९६२ पासून होते आणि पुढचे भाग एकाच घराण्यातले. इंग्लंडमध्ये स्पिटफायर १९८० पर्यंत बनत होती, शौकीन आजही भरपूर आहेत, त्यामुळे पार्ट पार्सलने येतात. थोरल्या घरची गाडी गेली, पण धाकट्या बहिणीच्या माहेरून अजून डबा येतो म्हणायचं! मात्र ड्रमचा मास्टर सिलिंडर डिस्कला चालेलच असं नाही, माप जुळवूनच बसवावा. आणि हे काम घरी केलं तरी रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवावं. इथे हुशारी नको.

दुसरा बदल फुकटातला. पुढचं चाक वळतं ते एका उभ्या पोलादी दांड्यावर, आणि त्या दांड्याचं खालचं टोक आट्यांनी एका पितळी तुकड्यात फिरतं. ट्रनियन म्हणतात त्याला. त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस कालांतराने सुकतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं, पोलाद गंजतं आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं होतं. एका गॅरेजात आमच्या गाडीला वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं जात होतं. अप्पांनी दोन्ही बाजूचे तुकडे गनमेटलमध्ये कातून घेतले आणि वहीत लाल शाईने लिहिलं: फक्त तेल. हा बदल म्हणावा की नाही कोण जाणे, पण याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

तिसरा मागच्या चाकांचा. हेराल्डची मागची चाकं मधल्या डिफरन्शियलपाशी सांधलेल्या दोन दांड्यांवर पंखांसारखी वरखाली होतात. वळणात वेगाने शिरून मधेच अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर गाडीचा मागचा भाग उचलतो, चाकं आत दुमडतात आणि पकड एकदम सुटते. याच जातीच्या सस्पेन्शनमुळे अमेरिकेत शेव्हरले कॉर्व्हेअरवर गदारोळ झाला. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या प्रसिद्ध पुस्तकातलं पहिलंच प्रकरण त्यावर आहे. मद्रासवाल्यांनी यावर सरळ अॅक्सल दिला. इंग्लंडमध्ये १९७० च्या स्पिटफायरला वेगळी युक्ती केली. मागच्या पाट्याची जवळजवळ सगळी पानं मधोमध झुलती ठेवली, म्हणजे वळणात पाटा गाडीला उचलून धरत नाही. तो पाटा हेराल्डला बोल्टने बसतो, चासी कापावी लागत नाही. फक्त मागची बाजू मऊ होते म्हणून पुढचा अँटी-रोल बार जाड लागतो. आम्ही तो इंग्लंडहून मागवून बसवला. आंबा घाटातून कोकणात उतरताना अप्पांचा नियम होता, वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात पाय हलवायचा नाही. पाटा बदलला तरी तो नियम मी मोडलेला नाही.

चौथा विजेचा. जुन्या डायनॅमोतून जेमतेम २२ अॅम्पियर मिळतात, आणि तेही इंजिन पळत असताना. रात्री दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम लागले की बॅटरीतून खर्च सुरू. मारुतीचा आल्टरनेटर एक पट्टी वाकवून बसवता येतो. मात्र त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आल्टरनेटरला ऋण लागतं. ते आधी उलटून घ्यायचं, नाहीतर डायोड क्षणात जळतात. त्याच्या जोडीला हेडलाइटला दोन रिले. जुन्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट डॅशवरच्या बटणातून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड दहा नाही, साधारण तीस टक्के पडतो. गळीत हंगामात रात्री तासगाव रस्त्याने जाऊन बघा. उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. तिथे हा तीस टक्के उजेड म्हणजे आपला जीव. दोन रिले आणि थोडी वायर, खर्च हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाइतका.

पाचवा, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटची फट पंधरा थाउ, म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या आसपास, सतत सांभाळावी लागते. इलेक्ट्रॉनिकला झिजणारं काही नसतं. पण ते बिघडलं तर रस्त्यावर दुरुस्त होत नाही, म्हणून जुनी पॉइंटची प्लेट डॅशच्या कप्प्यात ठेवायची. सहावा, रेडियल टायर. १४५ रुंदीचे १३ इंची बसतात. चारही एकदम बदलायचे. पुढे रेडियल आणि मागे जुने असं तर अजिबात नको, मागची पकड आधी सुटते आणि या गाडीला तेच सोसत नाही.

आणि सातवा, जो अप्पांच्या वहीत नाही कारण तो आपल्या काळातला आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. जुन्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला शिसं वंगणासारखं होतं. ते गेल्यावर बैठक झिजते, म्हणून हेड उतरवायची वेळ आली की कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. त्यानंतर इथेनॉल आलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गंमत बघा, आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आमच्याच गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा खातं. त्यावर उपाय म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरो-रबराचे पाइप, नवा पडदा, आणि कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा. कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तापलेलं इंजिन परवडत नाही.

एवढंच. रुंद चाकं, खाली बसवलेली गाडी, बॉनेटला भोकं, मारुतीचं इंजिन, यातलं काहीच मी करणार नाही. कारण सरळ आहे. ९४८ सीसीच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीत दुप्पट ताकद घातली की ब्रेक, अॅक्सल, गिअरबॉक्स सगळंच अपुरं पडतं, आणि एक बदल दहा बदलांना आमंत्रण देतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसी बुकात लिहिलेल्या मूळ गोष्टींशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं.

आता दादाचा मुद्दा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी असली तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. नियमात मूळ रूपाची व्याख्या करताना नावं घेतली आहेत ती चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांची. वर मी लिहिलेले बदल वाचून बघ दादा. चासी कापलेली नाही, पत्र्याला हात नाही, इंजिन तेच. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवलाय. उद्या वाटलं तर गाडी पुन्हा १९६५ ची करायला एक दिवाळीची सुट्टी पुरेल.

पण त्याच नियमात अजून एक ओळ आहे. व्हिंटेज नंबरची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे नरसोबाच्या वाडीला जायचं नाही, लग्नाच्या वऱ्हाडात न्यायची नाही, आणि नातवंडांना बसवून तासगावच्या गणपतीला तर नाहीच नाही. किंमत वाढेल हे मान्य. पण अप्पांनी ही गाडी १९७८ मध्ये घेतली ती किंमत पडली होती म्हणून, आणि चालवली ती माणसं न्यायला. देव्हाऱ्यात ठेवायला नाही.

म्हणून माझा कौल असा की दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी चालती ठेवायची. त्यासाठी नियम तीनच. ज्याने जीव वाचतो ते बदलायचं. ज्याने गाडी वाटेत अडकते ते बदलायचं. आणि जे बदललं ते पुढच्या पिढीला पुन्हा उलटवता आलं पाहिजे. या तीनात न बसणारी गोष्ट कितीही मोहात पाडणारी असली तरी सोडून द्यायची. गाडीचं राहू द्या, वाडा दुरुस्त करतानाही हा हिशेब चालेल असं मला वाटतं.

वहीत अप्पांनी शेवटची पंधरा-वीस पानं कोरी सोडली होती. त्यांतली चार मी भरली. बाकीची ज्याला गाडी चालवायची असेल त्याच्यासाठी आहेत. दादा, आत्या, पटतंय का बघा आणि कळवा. भांडायचं असेल तर माधवनगरला या, मी स्टेशनवर गाडी घेऊन येईन. अर्थात हेराल्डच.